काचेतल्या समुद्राचं तण : एका उपद्रवी समुद्रपुष्पाचा इतिहास



जऊळक्यात उभं राहून समुद्रावर बोलायचं, हे ऐकूनच काही जणांना हसू आलं असेल. समुद्र इथून चारशे किलोमीटरहून लांब. खारं पाणी म्हणाल तर शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे, पण तो खारेपणा सोड्याचा, समुद्राचा नव्हे. आत येताना एका काकांनी आम्हाला थेट विचारलं, "घरात समुद्र काऊन आणता बाप्पा, अन् आणला तर मंग त्यातलं फूल काऊन मारता?" खरं सांगायचं तर आजचं सगळं व्याख्यान म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर आहे. फक्त ते उत्तर दोनशे वर्षं मागे जाऊन द्यावं लागतं.

आधी ज्याच्याबद्दल बोलायचं तो जीव कसा असतो ते पाहू. समुद्रपुष्प, म्हणजे इंग्रजीत ज्याला सी ॲनिमोन म्हणतात ते, नावाने फूल असलं तरी प्राणी आहे. खाली चिकटून राहणारा पाय, वर मऊ देठासारखं शरीर, मध्ये तोंड आणि तोंडाभोवती बोटांसारखे स्पर्शक. या स्पर्शकांवर दंशपेशी असतात. बारीक जीव जवळून गेला की त्या विषारी तंतू सोडतात आणि भक्ष्य तोंडात ओढलं जातं. प्रवाळ हा त्याचा जवळचा नातेवाईक. फरक इतकाच की प्रवाळ चुनखडीचं घर बांधतो, समुद्रपुष्प उघड्यावर राहतं.

आता घरातल्या टाकीचं. रीफ ॲक्वेरियम म्हणजे खाऱ्या पाण्याची अशी टाकी, जिच्यात माशांबरोबर प्रवाळ आणि खडकावर वाढणारे जीव ठेवतात. त्यासाठी समुद्र जवळ असावा लागत नाही. बाजारात समुद्री क्षारांचं तयार मिश्रण मिळतं. लिटरला साधारण 35 ग्रॅम, म्हणजे 200 लिटरच्या टाकीला 7 किलो. घरचं मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट असं बरंच काही ठरलेल्या प्रमाणात असतं. अमेरिकेत 1964 पासून असं मिश्रण पिशवीत विकलं जाऊ लागलं आणि समुद्रापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या माणसालाही घरात समुद्र मांडता येऊ लागला. म्हणजे उद्या जऊळक्यात कुणी अशी टाकी मांडली, तर तांत्रिकदृष्ट्या अडचण काही नाही. लोडशेडिंगचं तेवढं बघावं लागेल.

या टाकीत एक पाहुणा बिनबोलावता येतो. त्याचं नाव ऐप्टेशिया. तपकिरी, जवळजवळ पारदर्शक, करंगळीच्या पेराएवढं समुद्रपुष्प. खडकाच्या फटीत बसतं, हात लावायला गेलं की क्षणात आत जातं. पहिल्यांदा दिसलं की माणूस खूश होतो. आमचंही तसंच झालं. नवीन आणलेल्या खडकावर एक दिसलं, घरातल्यांना बोलावून दाखवलं. महिन्याभरात पाच झाली. शेजारचा प्रवाळ त्या बाजूने आकसायला लागला, तेव्हा आम्ही ब्लेड घेतलं आणि सगळी खरवडून काढली. टाकी साफ, आम्ही समाधानी. दोन-तीन आठवड्यांनी त्याच खडकावर मोजली तर वीसच्या वर होती.

हे का झालं, ते समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीवर उभा आहे. ऐप्टेशिया अंडी-शुक्रबीजांनी वाढतं, तसंच पायाच्या तुकड्यांनीही वाढतं. सरकताना पायाच्या कडेचे बारीक तुकडे मागे राहतात आणि एकेका तुकड्यापासून पूर्ण जीव तयार होतो. हे त्याचं रोजचंच काम. आम्ही ब्लेडने तेच काम त्याच्यासाठी झपाट्याने करून दिलं. हरळी नांगराने उपटायला जावं आणि तिचे तुकडे अख्ख्या वावरात पसरावेत, तसं. तुमच्यापैकी ज्यांनी हरळी किंवा लव्हाळा उपटलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता मागे जाऊ. समुद्र काचेत ठेवायची हौस माणसाला लागली कधी?

1832 च्या सुमारास सिसिली बेटावर जान व्हिलप्रो-पॉवर नावाच्या फ्रेंच बाईंनी समुद्री जीव पाहण्यासाठी काचेच्या टाक्या बनवल्या. 1846 मध्ये ॲना थिन नावाच्या बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घेऊन गेल्या. लंडनला समुद्र नाही. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतत असे. आज जे काम विजेचा पंप करतो ते त्या मोलकरणीने हाताने केलं. इतिहासात बाईंचं नाव राहिलं, तिचं राहिलं नाही.

1850 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने आणखी एक पाऊल टाकलं. गोड्या पाण्याच्या भांड्यात त्याने मासे आणि पाणवनस्पती ठेवल्या. वनस्पतीची पानं कुजून पाणी घाण व्हायला लागलं, तेव्हा त्याने डबक्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी निवळलं. हे लक्षात ठेवा. टाकीतली अडचण दुसरा जीव सोडून सोडवायची, ही कल्पना ॲक्वेरियमइतकीच जुनी आहे.

इंग्लंडात काचेवरचा कर 1845 मध्ये उठला होता, काच स्वस्त झाली होती. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. आणि 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस या निसर्गतज्ज्ञाचं 'द ॲक्वेरियम' हे पुस्तक आलं. त्या पुस्तकाने वेड लावलं. लोक रेल्वेने किनाऱ्यावर जायचे, हातोडी-छिन्नीने खडकावरची समुद्रपुष्पं उकरायचे आणि बरण्यांत भरून घरी आणायचे. गॉसने पुढे ब्रिटनच्या समुद्रपुष्पांवर मोठा ग्रंथ लिहिला, तो 1860 मध्ये पूर्ण झाला. ऐप्टेशिया हे नावही त्यानेच 1858 मध्ये दिलेलं आहे. म्हणजे आज ज्याला आपण टाकीचा शत्रू म्हणतो, त्याचं बारसं टाकीचा छंद पसरवणाऱ्या माणसानेच केलं.

त्या काळात समुद्रपुष्प शत्रू नव्हतं, बरं का. ते टाकीचं भूषण होतं. स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलियल यांनी 1828 मध्ये एक समुद्रपुष्प किनाऱ्यावरून आणून काचेच्या बरणीत ठेवलं. डॅलियल वारले, बरणी दुसऱ्याकडे गेली, तो वारला, तिसऱ्याकडे गेली. लोक त्याला 'ग्रॅनी', म्हणजे आजी म्हणायचे. आजीने शेकडो पिल्लं दिली आणि ती 1887 मध्ये गेली. एकोणसाठ वर्षं! तिच्या मृत्यूची बातमी वर्तमानपत्रात छापून आली. एका समुद्रपुष्पासाठी मृत्युलेख, आणि त्याच्याच भाऊबंदासाठी आज विषाची सुई. काय बदललं?

जीव बदलला नाही. टाकी बदलली. गॉसच्या काळातल्या टाकीत समुद्रपुष्पच मुख्य होतं. आजच्या टाकीत मुख्य आहे प्रवाळ, आणि समुद्रपुष्प त्या प्रवाळाला डसतं. शेतात उगवलेली ज्वारी पीक असते, आणि तीच ज्वारी हरभऱ्यात उगवली तर आपण तिला उपटतो. 'उपद्रवी' हा शब्द त्या जीवाच्या अंगावर लिहिलेला नसतो, तो आपल्या आराखड्यात असतो. याचा अर्थ उपटायचं नाही असा नाही. उपटावं लागतंच. पण कुणाला आणि कशासाठी उपटतोय, हे माहीत असलं म्हणजे हात जपून चालतो.

त्या हौसेची किंमतही सांगायला हवी. गॉसचा मुलगा एडमंड गॉस याने 1907 मध्ये आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यात त्याने नोंदवलंय की वडिलांच्या पुस्तकांनी भारावलेल्या लोकांनी किनाऱ्यावरची खडकांतली डबकी ओरबाडून रिकामी केली, आणि याचं वडिलांना फार दुःख झालं. घरातला समुद्र सजवताना बाहेरचा समुद्र उजाड होतो, ही गोष्ट तेव्हापासून या छंदाच्या मागे लागलेली आहे. त्याकडे आपण शेवटी परत येऊ.

आपल्याकडे समुद्र काचेमागून पाहायची सवय लोकांना लावली ती मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. मरीन ड्राइव्हवर 1951 मध्ये ते उघडलं, राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते. पारशी दानशूर तारापोरवाला यांनी दोन लाख रुपये दिले म्हणून त्यांचं नाव. विदर्भातून मुंबईला गेलेल्या कितीतरी कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्री मासा पाहिला तो तिथे. 2015 मध्ये ते नव्या रूपात पुन्हा उघडलं, तेव्हा काचेच्या बोगद्यातून चालत मासे पाहायची सोय झाली. पण सरकारी मत्स्यालय वेगळं आणि घरातली प्रवाळाची टाकी वेगळी. घरात प्रवाळ जगवणं बराच काळ जमतच नव्हतं.

ते जमलं एका साध्या गोष्टीमुळे. 1961 मध्ये जकार्तातल्या ली चिन एंग या मत्स्यप्रेमीने अमेरिकेतल्या एका मासिकात आपली पद्धत लिहिली. महागडी गाळणयंत्रं नकोत, समुद्रातून खडक उचलून आणा, त्यावरच्या सगळ्या जिवाणू-शेवाळासकट टाकीत ठेवा, हवेचे बुडबुडे सोडा. पाणी साफ ठेवायचं काम तो खडकच करतो. यालाच पुढे लाइव्ह रॉक, जिवंत खडक म्हणू लागले. जर्मनीत बर्लिनच्या हौशी लोकांनी ही पद्धत सुधारली, आणि 1980 च्या दशकानंतर घरोघरी प्रवाळाच्या टाक्या दिसू लागल्या.

आता गंमत पाहा. खडक जिवंत आहे म्हणूनच टाकी जगते. आणि खडक जिवंत आहे म्हणूनच त्याच्या फटीत ऐप्टेशियाही येतं. वरदान आणि कीड एकाच दगडावर बसून येतात. शेणखताबरोबर शेतात तणाचं बी येतं, म्हणून कुणी शेणखत टाकायचं सोडत नाही. तसंच हे.

त्याच्याबरोबर मजानो नावाचा दुसरा पाहुणाही येतो. स्पर्शकांची टोकं फुगीर, दिसायला जास्त देखणा. तोही स्वतःचे दोन भाग करून वाढतो आणि प्रवाळांच्या मध्ये जागा धरतो. पण मुख्य गोष्ट ऐप्टेशियाची, म्हणून तिकडेच वळू.

नियंत्रणाचा इतिहास तीन टप्प्यांत सांगता येतो. पहिला टप्पा हाताचा, म्हणजे खरवडणं, चिरडणं, उपटणं. त्याचं काय होतं ते आमच्या ब्लेडने सांगितलंच. काही जण उपाशी मारायला बघतात, टाकीत खाणं कमी करतात. त्याने वाढ मंदावते, पण मरत नाही, कारण ऐप्टेशियाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर साखर बनवतं आणि यजमानाला देतं. म्हणजे ज्याच्या घरातच सौर चूल आहे, त्याला उपाशी कसं मारणार? आणि दिवे बंद केले तर प्रवाळही मरतो, कारण त्याचीही चूल तीच आहे.

दुसरा टप्पा औषधाचा. पीटर विल्केन्स या स्विस मत्स्यतज्ज्ञाने 1970 च्या दशकात प्रवाळाला कॅल्शियम मिळावं म्हणून टाकीत चुन्याची निवळी घालायची पद्धत रूढ केली. चुना प्रवाळाचं खाद्य. पण हाच चुना घट्ट कालवला की त्याचा सामू, म्हणजे पीएच, 12 च्या वर जातो. समुद्राच्या पाण्याचा असतो 8.2 च्या आसपास. तेव्हा हौशी लोकांनी इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये चुन्याचा लगदा भरला आणि तो थेट ऐप्टेशियाच्या तोंडात सोडायला सुरुवात केली. आतून जळून ते मरतं. कुणी लिंबाचा रस वापरला, कुणी उकळतं पाणी. पुढे कंपन्यांनी तयार पेस्ट काढल्या, ज्या समुद्रपुष्प अन्न समजून स्वतःच गिळतं.

हे औषध चालतं, पण पथ्य आहे. पंप बंद करायचे. सुई हळू न्यायची, कारण धक्का लागला की ते आत जातं आणि पांढरे विषारी दोरे बाहेर फेकतं. एका दिवशी दोन-चारच मारायची. सगळी एकदम मारली तर मेलेलं शरीर कुजून पाण्यात अमोनिया वाढतो आणि जास्तीच्या चुन्याने पाण्याचा सामू चढतो. टाकी साफ करायच्या नादात टाकीच मरते. डोळ्याला चष्मा लावायचा, कारण चुना डोळ्यात गेला तर मोठी इजा होते. आपल्या भागात फवारणीचं वेगळं सांगायला नको. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. औषध कुठलंही असो, मारायच्या जिवाइतकंच ते मारणाऱ्याच्याही जवळ असतं.

तिसरा टप्पा, शत्रूचा शत्रू शोधणं. इथे आपण थोडं टाकीबाहेर जाऊ, कारण या बाबतीत आपल्या देशाचा इतिहास जगात फार जुना आहे.

फड्या निवडुंग तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. तो मूळचा आपला नाही, अमेरिका खंडातून आलेला. 1795 मध्ये ब्राझीलहून एक कीड कलकत्त्याला आणली गेली. ईस्ट इंडिया कंपनीला त्या किड्यापासून किरमिजी रंग काढून पैसा करायचा होता. पण आणलेला किडा चुकीच्या जातीचा निघाला, रंग हलका आला, धंदा बसला. किड्याने मात्र निवडुंग फस्त करायला सुरुवात केली. हे लक्षात आल्यावर 1836 ते 1838 च्या दरम्यान तोच किडा मुद्दाम दक्षिण भारतात नेऊन निवडुंगावर सोडला. परक्या तणावर त्याचा परका शत्रू सोडून यश मिळवल्याचं जगातलं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. गंमत म्हणजे निवडुंगाच्या दुसऱ्या जातींना त्या किड्याने तोंड लावलं नाही. त्यांच्यासाठी दुसरा किडा 1926 मध्ये आणावा लागला. एका जातीचा शत्रू दुसऱ्या जातीला चालतोच असं नाही, हा धडा तेव्हाचा.

दुसरं उदाहरण गाजरगवताचं, आपलं काँग्रेस गवत. 1950 च्या दशकात पुण्यात ते लोकांच्या नजरेत भरलं आणि रस्त्यांच्या, रेल्वेच्या कडेकडेने देशभर गेलं. 'जऊळका रेल्वे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावाला, बाहेरून काय काय येतं हे आम्ही काय सांगावं! त्याच्यासाठी मेक्सिकोतून एक भुंगा आणला, त्याचा अभ्यास बंगळुरूला झाला आणि 1984 पासून तो सोडला गेला. पावसाळ्यात तो पानं खातो. गवत संपलं नाही, पण जिथे भुंगा स्थिरावला तिथे जोर कमी झाला. आणि उलटं उदाहरणही आहे. ऑस्ट्रेलियाने 1935 मध्ये उसावरच्या भुंग्यांसाठी अमेरिकेतला मोठा बेडूक सोडला. भुंगे राहिले बाजूला, बेडूकच दूरवर पसरला आणि आजही त्याचा बंदोबस्त झालेला नाही.

आता हेच सगळं काचेच्या पेटीत पुन्हा घडलेलं पाहा. ऐप्टेशिया खाणारा म्हणून लांब चोचीचा फुलपाखरू मासा आणतात. तो खातो, पण टाकीतल्या कामाच्या किड्यांनाही खातो, आणि पुष्कळदा बंदिवासात दुसरं काही खायला तयार होत नाही म्हणून उपाशी मरतो. दुसरा एक लहान खरबरीत कातडीचा फाइलफिश आहे. तो ऐप्टेशिया आवडीने खातो, पण काही वेळा प्रवाळही टोचतो.

मग पेपरमिंट कोळंबी. लाल रेघांची ही कोळंबी रात्री बाहेर येते आणि लहान ऐप्टेशिया खाते. पण कुणाच्या टाकीत खायची, कुणाच्या खायची नाही. याचं एक कारण 2006 मध्ये उलगडलं. अभ्यासकांनी दाखवलं की पश्चिम अटलांटिकमध्ये पेपरमिंट म्हणून जिला एकच समजत होते, त्या सारख्या दिसणाऱ्या अनेक जाती आहेत. त्यात भर म्हणजे दुकानात तिच्यासारखीच दिसणारी उंटकोळंबी, म्हणजे कॅमल श्रिंप, तिच्या नावाने हाती पडते, आणि ती प्रवाळ खाते. म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीने 1795 मध्ये केलेली चूक, जात न ओळखता जीव आणायची, दोनशे वर्षांनी घरगुती टाकीत तशीच्या तशी.

सगळ्यात नेमका शत्रू सापडला तो बर्घिया. बोटाच्या पेराएवढी, कवच नसलेली समुद्री गोगलगाय, फ्लोरिडाकडची. ती ऐप्टेशियाशिवाय दुसरं काही खातच नाही. इतकंच काय, ऐप्टेशियाच्या दंशपेशी न फोडता गिळते आणि आपल्या पाठीवरच्या केसांसारख्या उंचवट्यांत साठवते. शत्रूचीच हत्यारं तिच्या संरक्षणाला. 1990 मध्ये अमेरिकन संशोधकांनी ती प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवायची रीत प्रसिद्ध केली, आणि पुढे तिची पैदास छंदाच्या बाजारात आली. तिचीही अडचण आहे. टाकीतलं ऐप्टेशिया संपलं की ती उपाशी मरते. म्हणून जाणते हौशी लोक काम झालं की गोगलगायी दुसऱ्या टाकीवाल्याला देऊन टाकतात. बैलजोडी पाळीपाळीने वापरावी तसं. आमच्या मते या छंदातला सगळ्यात चांगला रिवाज हाच.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. कीड आली, उपाय शोधले, काही फसले, काही चालले. पण इतिहासाने मध्येच एक वळण घेतलं.

1998 मध्ये समुद्र तापला आणि जगभरचे प्रवाळ पांढरे पडले. आपल्याकडे लक्षद्वीप आणि मन्नारच्या आखातात फार मोठं नुकसान झालं. पांढरं पडणं म्हणजे काय? प्रवाळाच्या शरीरात राहणारं ते शैवाल, ती सौर चूल, उष्णतेने बिघडते आणि प्रवाळ तिला बाहेर टाकतो. फार काळ ती परत आली नाही तर प्रवाळ उपाशी मरतो. त्यानंतर 2010 मध्ये तेच झालं, 2014 ते 2017 मध्ये झालं, आणि 2024 च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक घटनेची घोषणा केली.

हे पेशीच्या आत नेमकं कसं घडतं, ते शोधायला प्रवाळ सोयीचा नाही. तो हळू वाढतो, चुनखडीत बसतो, वर्षातून एखाद्याच रात्री अंडी सोडतो, आणि प्रयोगात शैवाल काढून घेतलं तर जगत नाही. मग शास्त्रज्ञांना हवा होता असा नातेवाईक, ज्याच्यात तेच शैवाल राहतं, जो पटापट वाढतो, तुकड्यातून पुन्हा उगवतो, शैवाल काढलं तरी खायला दिलं की जगतो, आणि मारता मरत नाही. तुम्ही ओळखलंच असेल. ज्या गुणांसाठी आम्ही त्याला शिव्या घालत होतो, त्याच गुणांसाठी त्याला प्रयोगशाळेत मानाचा पाट मिळाला. 2008 मध्ये व्हर्जिनिया वाइस, जॉन प्रिंगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लेख लिहून हा मार्ग मांडला. हे प्रिंगल आयुष्यभर यीस्टवर काम केलेले, तिथून ते समुद्रपुष्पाकडे वळले. 2015 मध्ये ऐप्टेशियाचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला, त्यातलं बरंच काम सौदी अरेबियातल्या तांबड्या समुद्राकाठच्या विद्यापीठात झालं. प्रयोगांसाठी एकाच जीवापासून वाढवलेला वंश वापरतात, म्हणजे पायाच्या तुकड्यांनी वाढायची ती खोडच तिथे उपयोगी पडली. प्रवाळ वाचवायचा मार्ग शोधताना आज शास्त्रज्ञ प्रवाळाच्या शत्रूला विचारत आहेत.

आता शेवटचा भाग. हे सगळं ऐकून आपण काय करायचं?

आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मालवणला आहेत, तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला खोल समुद्रात आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. मुंबईत हाजीअलीच्या खडकांवरही आहेत. 2001 पासून प्रवाळ आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे वाघाच्या पंगतीत बसले. मुंबईत कोस्टल रोड बांधताना 2020 मध्ये प्रवाळांच्या 18 वसाहती परवानगी घेऊन, जपून उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. म्हणजे किनाऱ्यावरून खडक उकरून आणून टाकी सजवणं आज नुसती हौस नाही, गुन्हा आहे. गॉसच्या काळात तो कायदा असता, तर इंग्लंडातली डबकी वाचली असती.

दुसरी गोष्ट उलट दिशेची. टाकीतलं बाहेर सोडायचं नाही. 1984 मध्ये मोनॅकोच्या मत्स्यालयाखालच्या समुद्रात एक परकं शेवाळ दिसलं, ते भूमध्य समुद्रात दूरवर पसरलं. आपल्याकडे उजनी धरणात सकर मासा मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. तो दक्षिण अमेरिकेचा, टाकीची काच साफ करतो म्हणून लोकांनी आणलेला. मोठा झाला, टाकीत मावेना, सोडला पाण्यात. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि त्याला भाव नाही. टाकीवाल्याला वाटलं आपण एका माशाला जीवदान दिलं. भोगतोय भिगवणचा कोळी. हे मात्र जऊळक्याला थेट लागू आहे. समुद्र लांब असेल, पण तलाव, नाला, धरण आपल्याही गावाशेजारी आहे, आणि गोड्या पाण्याच्या टाक्या आता वाशीम-मालेगावातही घरोघरी दिसतात. टाकी बंद करायची असेल तर मासे दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या. नदीत सोडू नका. खडक, वाळू काढली तर कडक उन्हात पूर्ण वाळवा. आपल्याकडे उन्हाची कमी नाही.

आणि ऐप्टेशियाचं? तर आम्ही शेवटी काय केलं ते सांगून थांबतो. ब्लेड ठेवून दिलं. चुन्याची सुई घेतली, आठवड्याला तीन-चार, वर्षभर. नवीन खडक आणला तर तो आधी महिनाभर वेगळ्या बादलीत ठेवायचा, त्यावर काही उगवतंय का ते बघायचं, आणि मगच टाकीत घालायचा. हा एक नियम आधी पाळला असता तर वर्ष वाचलं असतं. आज टाकीत ऐप्टेशिया जवळजवळ नाही. 'जवळजवळ' म्हणतोय, कारण मागच्या कोपऱ्यात पंपाखाली एक आहे. ते आम्ही ठेवलंय. प्रवाळापासून लांब आहे, कुणाला डसत नाही. आठवड्याला त्याच्याकडे बघतो, पसरलं तर सुई तयार आहे.

काका, तुमच्या प्रश्नाचं आमचं उत्तर इतकंच. घरात समुद्र आणला तो बघायला आणि समजून घ्यायला. फूल मारावं लागलं, कारण आणताना आम्ही नीट बघितलं नव्हतं.